वाफ्याच्या पलीकडची हाक

एसी बंद झाला की आमच्या घरात हिवाळा सुरू होतो. कॅलेंडर काय म्हणतं याला इथे काही अर्थ नसतो. एका सकाळी पायांना चादर कमी पडते, माझा नवरा श्रीकांत उठून ते खडखडणारं धूड बंद करतो, आणि एप्रिलपासून कानात मुक्कामाला असलेली घरघर गेली की घर एकदम मोठं वाटायला लागतं. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. लिफ्टचं दार ऐकू येतं. खाली कुणी गाडी पुसत असेल तर त्याचं फडकं पिळणंसुद्धा ऐकू येतं. इतके दिवस हे आवाज कुठे होते कोण जाणे. आणि मग, आपण त्या शांततेला नुकते सरावतोय तोवर, धुकं येतं.

इथल्या धुक्याबद्दल सोलापूरला सांगितलं की माझे माहेरचे हसतात. वाळवंटात कसलं आलंय धुकं, म्हणतात. त्यांच्या कल्पनेत आम्ही वर्षभर घाम पुसत उंटाची वाट बघत उभे असतो. पण समुद्र दमट आणि वाळू गार, एवढं जमून आलं की पुरतं. आखातातल्या अजमानच्या या बाल्कनीतून आधी समोरची इमारत नाहीशी होते. मग खालचा रिकामा प्लॉट जातो, त्यात उभ्या असलेल्या गाड्या जातात, आणि शेवटी कठड्याच्या पलीकडे काही होतं की नाही अशी शंका यायला लागते. उरते फक्त कठड्याला टेकून ठेवलेली गवती चहाची कुंडी.

यंदा धुकं आलं तेव्हा घरात सई नव्हती. जूनमध्ये ती कॉलेजला पुण्याला गेली. जन्म इथला, शाळा इथली, आणि आता पुण्यात जाऊन तिथल्या पावसाला नावं ठेवते आहे. फोनवर पहिल्याच आठवड्यात तिने मला तंबी दिली. ‘‘आई, प्लीज, होस्टेलच्या फोनवर मला चिमणी म्हणू नकोस. एव्हरीवन कॅन हिअर. जस्ट कॉल मी सई.’’ आता मी तिला जन्मापासून सयू, सईबाई, चिमणी, कार्टी, जे तोंडात येईल ते म्हणत आले. नुसतं सई असं फक्त शाळेच्या बाई म्हणायच्या. पण मुलीची इभ्रत सांभाळायची म्हणून गेले सहा महिने मी घोटून घोटून सई म्हणायला शिकले आहे. अजूनही ते म्हणताना दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीला बोलावल्यासारखं वाटतं.

धुक्याबरोबर माझा घसा बसतो, हे गेल्या काही वर्षांचं नवीन. मग गवती चहाची दोन पाती कात्रीने कापायची, आलं ठेचायचं, उकळायचं. ती पाती कापली की हाताला जो वास लागतो, त्या वासात मला अजमान दिसत नाही. मला रास अल खैमा दिसतं, खजुरीची जुनी बाग दिसते, आणि माझ्या आयुष्यातला पहिलावहिला वाफा दिसतो. हे झाड तिथलं आहे.

तेव्हा श्रीकांत तिकडे टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर इंजिनिअर होता. सई पहिलीत. मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र, आणि मधे वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज बसणारी पांढरी धूळ. मी एमकॉम झालेली, इथे व्हिसावर हाउसवाइफ. माती हा प्रकार मी तोपर्यंत तुळशीच्या कुंडीपलीकडे पाहिला नव्हता. आमचे वडील बँकेत होते, आणि शेत म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसतं ते, एवढीच माझी शेतीशी ओळख होती.

खालच्या मजल्यावर झुबेदाभाभी राहायची. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावची, नवऱ्याचं इथे गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. बाई मोठी कामसू. मुलं मोठी होऊन पांगलेली, त्यामुळे तिचं निम्मं लक्ष आमच्या सईवर आणि निम्मं माझ्या स्वयंपाकातल्या चुकांवर असे. त्यांच्या दुकानाच्या जागेचा मालक एक म्हातारा अरब होता. त्याची ही खजुरीची बाग. मुलं व्हिला बांधून शहरात गेलेली, बागेकडे कुणी फिरकत नव्हतं, म्हणून त्याने ओळखीच्या कुटुंबांना सांगितलं, ज्याला हवा त्याने एकेक तुकडा घ्या आणि काय हवं ते लावा. भाडंबिडं काही नको. त्याची एकच अट होती, आणि ती त्याने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितली. ‘‘जमीन सोने नहीं देना.’’

तुकडा दाखवायला तो आम्हाला एका संध्याकाळी घेऊन गेला. बागेच्या कुंपणभिंतीला एके ठिकाणी खिंडार होतं, तेच दार. तिथे तो थांबला, घसा खाकरला आणि आत तोंड करून म्हणाला, ‘‘हूद, हूद.’’ इथे परक्या घरात शिरताना दारातून असं म्हणतात. येऊ का आत, असा त्याचा अर्थ, म्हणजे आतल्या बायकांना सावरून बसता येतं. पण आत कुणी नव्हतं. आत फक्त खजुरी होत्या आणि त्यांच्या मागे जुन्या घरांची एक रांग होती. समुद्रातल्या दगडांनी बांधलेली, छपरं गेलेली, दारांच्या जागी नुसती भोकं. म्हातारा थांबून राहिला. मग कुणी ‘या’ म्हटल्यासारखी मान हलवून तो आत गेला. मी हसू दाबत भाभीकडे पाहिलं. भाभी डोक्यावरची ओढणी नीट करत होती.

‘‘इथले लोक कुठे गेले?’’ मी विचारलं.

‘‘नया घर मिला. चला गया, खलास,’’ म्हातारा म्हणाला. मग चार पावलं चालून गेल्यावर, मागे न बघता, म्हणाला, ‘‘सब नहीं गया.’’

त्याचं हिंदी कच्चं होतं, म्हणून मी ते वाक्य सोडून दिलं. घरांच्या मागच्या बाजूला काठीने दाखवून त्याने सईकडे पाहिलं आणि बोट हलवलं. ‘‘उधर बीर. बच्चा नहीं.’’

‘‘विहीर आहे गो तिकडे,’’ भाभी म्हणाली. ‘‘पोरीला जाऊ देऊ नको.’’

मी मान डोलावली. त्या वेळी माझं सगळं लक्ष मला मिळालेल्या तुकड्याकडे होतं. दोन खजुरींच्या मधला, जेमतेम आमच्या हॉलएवढा, करड्या मातीचा चौकोन. माझा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला जमीन दिली होती, आणि तिचं काय करायचं याची मला काडीची कल्पना नव्हती.

पुढच्या शुक्रवारी सुट्टी म्हणून कामाला सुरुवात करायची ठरली. भट्टीला मात्र शुक्रवार नसतो. श्रीकांतने कारखान्यात जाता जाता आम्हाला खिंडाराशी सोडलं, मला, सईला आणि भाभीला. उजाडलेलं होतं, पण सूर्य नव्हता. खजुरींच्या शेंड्यांवर थोडं धुकं अडकलेलं होतं. ते मला फार सुंदर वाटलं. कॅमेरा आणायला हवा होता, असंही वाटलं. भाभी खिंडाराशी थांबली, सलाम म्हणाली, क्षणभर वाट पाहून आत गेली. मी ‘चला’ म्हणाले आणि तिच्या मागून शिरले.

मी कॅनव्हासचे बूट घातले होते, श्रीकांतची टोपी घातली होती, आणि बागकाम म्हणजे खणणे अशी माझी समजूत होती. तेव्हा मी खणायला लागले. कुदळ मारली की माती सुखासुखी यायची, त्यामुळे मला वाटलं, जमतंय की आपल्याला. बरंच खाली गेल्यावर पांढरं काहीतरी लागलं. पावडरसारखं. मी ते मोठ्या कौतुकाने वर काढून वाफ्यावर पसरायला लागले. पलीकडच्या तुकड्यात भाभी वाकलेली होती, ती तशीच मान वर करून बघत राहिली.

‘‘एवढं खोल कशाला गो? मुडदा पुरायचाय?’’

‘‘माती मोकळी करतेय.’’

‘‘खाली मीठ आहे सगळं. वरचं वर हलव नुसतं. खालचं खालीच राहू दे.’’

काढलेलं सगळं परत आत लोटलं. हाताला फोड आले होते. मग भिजवून आणलेली मेथी मी वाफ्यावर मूठभर घेऊन उधळली, तर भाभी म्हणाली, फोडणी घालतेस का, जरा चिमटी चिमटीने घाल. तिने रत्नागिरीहून कपड्यांच्या बॅगेतून आणलेल्या गवती चहाच्या बेटातला एक ठोंब मला दिला आणि तो मी वाफ्याच्या कोपऱ्यात उलटा लावला. मुळं वर. सई खो खो हसली. तिलासुद्धा कळलं होतं.

ठोंब काढून पुन्हा लावताना मातीतून एक कप निघाला. बिनकानाचा, लहानसा, कॉफी प्यायला इथले लोक वापरतात तसला. एवढी माती वर-खाली केली, पण त्याला टवका गेला नव्हता. मी तो ओढणीला पुसला. आतून अगदी स्वच्छ होता, म्हणजे इतका की मला ते आवडलं नाही.

‘‘कुणाचा तरी कप राहिला बघ,’’ मी सईला म्हणाले आणि तो बांधावर ठेवून दिला.

थर्मासमधला चहा प्यायला आम्ही बसलो तेव्हा धुकं शेंड्यांवरून खाली उतरलं होतं. अशा वेळी ते चालत येत नाही. बघावं तेव्हा ते आधीच आलेलं असतं. घरांची रांग गेली. पलीकडच्या पंपाचा टुकटुक आवाज मात्र येत होता, आणि तो कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. सई भाभीला चिकटून बसली. भाभीला तेवढंच हवं होतं.

‘‘धुक्यात कुणी हाक मारली ना बेटी, लगेच ओ द्यायची नाही. तीनदा मारू दे. मग द्यायची.’’

‘‘व्हाय?’’

‘‘माणूस असेल ते तीनदा मारतं. जे माणूस नाही, ते दोनदा मारून थांबतं. त्याला पुढे येत नाही.’’

‘‘भाभी, कशाला घाबरवता तिला?’’ मी म्हणाले. लहानपणी आमच्याकडेही हे सांगायचे. मीही रात्री कुणी हाक मारली की बोटं मोजायची, आणि पुढे शिकल्यासवरल्यावर त्याला हसायची. सई घाबरली वगैरे अजिबात नव्हती. शाळेतला नियम पाठ करावा तशी ती मान हलवत होती. थ्री टाइम्स, ओके.

मग रस्त्यावर हॉर्न वाजला. भाभीचा नवरा पिकअपमध्ये लेंडीखताची पोती घेऊन आला होता. भाभी ओढणी झटकत उठली. ‘‘मी आणते. तुम्ही इथंच राहा, धुकं चढतंय.’’ ती दोन खजुरींपर्यंत दिसली, मग तिचा फक्त खोकला ऐकू आला, मग तोही नाही. मी वाफ्याकडे वळले. मेथीवर माती सारखी केली, हाताने दाबली. त्या कामात एक सुख होतं, ते मला पहिल्यांदाच कळत होतं. गार माती तळव्याला लागते आणि डोक्यात काही येत नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मान वर केली तेव्हा बांधावर कप नव्हता, आणि सई नव्हती.

‘‘सयू!’’ मी हाक मारली. अगदी साधी. जेवायला बोलावताना मारतो तशी.

उत्तर नाही.

‘‘ए सईबाई! कुठे गेलीस?’’

धुक्यात आवाज गेला की तो परत येत नाही. तो कुठेतरी ठेवला जातो, असं मला त्या वेळी वाटलं. पंप थांबला होता. कधी थांबला ते कळलं नव्हतं. मी उठून चार पावलं गेले. ‘‘चिमणे!’’ खजुरीचं एक खोड समोर आलं, त्याच्या मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं, सगळी एकाच उंचीची, सगळी माझ्याकडे तोंड करून उभी. मी पुढे जात राहिले. ‘‘कार्टे, ओ दे ना!’’ पाय कशाला तरी लागला. खाली पाहिलं तर माझीच कुदळ. मी सरळ चालत गेले होते आणि माझ्याच वाफ्यावर परत आले होते.

याला आमच्याकडे चकवा म्हणतात. तो कसा लागतो हे मी कितीदा ऐकलं होतं, तिखटमीठ लावून सांगितलंही होतं. लागतो तेव्हा कसं वाटतं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा वेगळ्या दिशेला गेले आणि पुन्हा वाफ्याशी आले. ताज्या मातीत माझ्या बुटांचे ठसे होते, एकाच जागी, एकावर एक. त्यांच्या कडेने एक लहान पावलांची ओळ निघून घरांकडे गेली होती. घरांकडे. विहिरीकडे.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. आधीही नाही आणि नंतरही नाही. जोरात धावावं तर आपणच विहिरीत जाऊ, आणि हळू जावं तर ती. वाफ्याबाहेरच्या कडक जमिनीवर ठसे उमटलेच नव्हते. मग एकदम सुचलं. वाफ्यांच्या कडेने एक जुना पाट गेलेला होता, कोरडा, पानांनी भरलेला. पाट म्हणजे पाणी, आणि पाणी पूर्वी विहिरीतूनच येत असणार. मी खाली बसले, पाटात हात घातला, आणि त्याची कड चाचपत, गुडघ्यांवर रांगत निघाले. हाताला काटे लागत होते. एकदा हाताखाली काहीतरी सरकलं. मी हात काढला नाही. भिंत आली, दाराचं भोक आलं, त्यातून गार हवा येत होती, घरातून यावी तशी. मी तिकडे पाहिलं नाही. म्हातारा म्हणाला होता तेच मी म्हणाले. हूद, हूद. का म्हणाले माहीत नाही. म्हणून झाल्यावर मीही थांबले, आणि मग पुढे गेले.

सई मांडी घालून बसली होती. शाळेत बसवतात तशी, हाताची घडी, तोंडावर बोट. तिच्या गुडघ्यांच्या पुढे वीतभर माती होती, आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. काठ ढासळलेली, तोंडाशी पाचोळा साचलेली विहीर. आतलं काळं दिसायला मला जरा वेळ लागला. काठाचा एकच दगड शाबूत होता आणि त्याच्यावर तो कप ठेवलेला होता, सरळ.

मी तिला पाठीमागून ओढली आणि आम्ही दोघी पाटात पडलो. मी तिला मारलं असतं, पण दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलेलं होतं.

‘‘ओ का नाही दिलीस?’’

‘‘यू डिडन्ट कॉल थ्री टाइम्स.’’

‘‘मी बोंबलून बोंबलून मेले!’’

‘‘नाही.’’ तिने बोटं काढली. ‘‘वन सयू. वन सईबाई. वन चिमणी. वन कार्टी. दे आर ऑल डिफरंट. भाभी सेड थ्री.’’

नियम तो नियम. तिने माझ्या लाडाच्या सगळ्या हाका एकेक करून ऐकल्या होत्या आणि कुणालाच तीन मार्क पडले नव्हते.

‘‘पण मग तू नीट मारलीस ना,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘आय वॉन्टेड टु गिव्ह बॅक द कप. मग मला काहीच दिसेना. सो आय सेड, आई. वन टाइम. मग तू म्हणालीस, सई, सई, सई. तिथंच थांब, हलू नकोस, मी आले. सो आय सॅट.’’

तिची हाक मला ऐकू आली नव्हती. आणि मी तिला सई म्हणाले नव्हते. मी तिला कधीच सई म्हणत नसे.

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘तूच.’’ माझ्या मूर्खपणाची तिला दया आली असावी. ‘‘तुझाच आवाज. बट लाइक यू हॅड अ कोल्ड.’’

भाभी खताचं पोतं घेऊन परत आली तेव्हा आम्ही वाफ्याशी पोचलो होतो. मी तिला विचारलं, तुम्ही हाक मारलीत का? ‘‘मी कशाला? मी तर रोडला होते. आणि मी बेटी म्हणते तिला, सई कुठे म्हणते?’’ मग मी सगळं सांगितलं. ती घरांच्या दिशेला बघत ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. मला वाटलं, आता म्हणेल, चला घरी, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. मी तेच म्हणणार होते. पण भाभीने पोतं खाली ठेवलं.

‘‘वाफा पुरा कर. अर्धा टाकून जायचं नाही. कुणी वाट बघत बसलं तर?’’

ओढणीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं सईच्या, आणि धुकं असतानाच आम्ही तो वाफा पुरा केला. खत घातलं, बांध केला, डब्याने पाणी दिलं. ऊन पडलं तेव्हा घरं पूर्वीसारखी दिसायला लागली, दगडांची आणि रिकामी, आणि त्यांच्यासमोर माझा वेडावाकडा चौकोन ओला होऊन चमकत होता. विहिरीवर म्हाताऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्रा आणि दगड टाकून घेतले. कप तिथेच राहिला. तो उचलायला कुणी गेलं नाही.

श्रीकांतने संध्याकाळी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला की विहिरीत आवाज घुमतो, एको. पण मी सई म्हटलंच नव्हतं, मी म्हणाले. म्हटलं असशील, घाबरली होतीस. असेल, म्हटलं. इंजिनिअर माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला कारण सापडलं की झोप लागते.

मी मात्र पुढच्या शुक्रवारी खिंडाराशी थांबून हूद, हूद म्हणाले. आणि त्यानंतर दर शुक्रवारी. मेथी आली, दाट आणि वाकडी आली, पण आली. तिची भाजी भाभीने खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाली. त्या बागेत मी तीन हिवाळे काढले. वांगी केली, कोथिंबीर केली, मुळे केले. वाकून काम करताना पुष्कळदा वाटायचं की पाठीमागे कुणीतरी दारात उभं राहून बघतंय, कंटाळलेल्या बायका दुपारच्या उभ्या राहतात तसं. मी वळून पाहत नसे. त्या घरांतली कुणी आई असावी, सगळे गेल्यावर राहिलेली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिची मी ऋणी होते. थोडा रागही होता. माझ्या मुलीला वाचवलंस, जन्मभर उपकार मानीन. पण माझा आवाज कुठून घेतलास, बाई? आणि घेतलास तर असा बसलेला, पिकलेला का घेतलास?

म्हातारा वारला. मुलांनी जमीन विकली, तिथे गोदामं आली. श्रीकांतला शारजात नोकरी लागली आणि आम्ही शेजारच्या अजमानला आलो. येताना मी वाफ्याच्या कोपऱ्यातलं गवती चहाचं बेट खणून आणलं. सई मोठी होत गेली, तसतसं तिला ते सगळं अंधूक होत गेलं. आता तिला फक्त मी सांगितलेली गोष्ट आठवते. मागच्या हिवाळ्यात याच बाल्कनीत उभी राहून म्हणाली, ‘‘इट वॉज द एको, आई. बाबा इज राइट.’’ मी म्हटलं, असेल.

आज सकाळी धुकं फार दाट होतं. श्रीकांत लवकर गेला. मी आधण ठेवलं आणि कात्री घेऊन बाल्कनीत आले. घसा तीन दिवसांपासून पार गेलेला आहे, काल फोनवर सईला माझं निम्मं बोलणं कळलं नाही. कठडा दिसत नव्हता. कुंडी हाताने शोधली. दोन पाती कापली, वास आला, आणि खालून कुठूनतरी हाक आली.

‘‘आई.’’

एकदाच. लहान मुलीची.

या इमारतीत आईला आई म्हणणारं कुणी नाही. शेजारी मल्याळी आहेत, वर पाकिस्तानी, खाली फिलिपिनो मुली. हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. नियमही माहीत होता, तीनदा मारू द्यायची, तोवर ओ द्यायची नाही. पण त्या हाकेत रडू नव्हतं, घाई नव्हती. समोरचं दिसेनासं झालं की मूल जशी खात्री करून घेतं, आहेस ना, तशी ती होती. आणि एखाद्या मुलाला पुढे काय आहे ते दिसत नसताना दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत उभं राहणं मला जमणार नव्हतं. ते जगातल्या कुठल्याच आईला जमू नये.

‘‘सई,’’ मी म्हणाले. आवाज फुटला नाही. कठडा धरून वाकले. ‘‘सई.’’ मग सगळा जीव घशाशी आणून, ‘‘सई!’’

खाली काही हललं नाही.

‘‘तिथंच थांब,’’ मी म्हणाले. ‘‘हलू नकोस. मी आले.’’

हे शब्द तोंडातून गेल्यावर मी त्यांना ओळखलं.

आत आधण उतू गेलं, त्याचा गॅसवर चर्र आवाज झाला. मी तशीच कात्री हातात धरून उभी राहिले. पुन्हा हाक आली नाही. घसा बसलेला होता, पण वारा मुळीच नव्हता. आवाज बराच लांब गेला असावा.